न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर: गुरुत्वीय लहरी काय सांगतात आणि प्रकाश काय सांगतो

‘दोन ताऱ्यांच्या टकरीतून सोने तयार होते’ असा मथळा गेली काही वर्षे अधूनमधून वर्तमानपत्रांत दिसतो आणि सोन्याचा भाव चढला, की तोच मजकूर समाजमाध्यमांवर नव्याने फिरू लागतो. वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न येतात. इतक्या दूरची टक्कर कोणी पाहिली, पाहिली असेल तर त्यात सोने आहे हे कसे कळले, आणि ‘गुरुत्वीय लहरी’ नावाची जी गोष्ट या बातम्यांत सतत येते तिचा सोन्याशी संबंध काय? या प्रश्नांना आज बरीच ठोस उत्तरे देता येतात. मात्र त्यांतील बहुतेक उत्तरे एकाच घटनेवर उभी आहेत, ही गोष्ट मथळ्यांतून निसटते आणि माझ्या मते तीच सर्वांत आधी समजून घ्यायला हवी.

न्यूट्रॉन तारा म्हणजे काय?

सूर्याच्या आठपट किंवा त्याहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्यातले इंधन संपले, की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनाने कोसळतो आणि बाहेरचे थर स्फोटाने उधळले जातात. कोसळलेल्या गाभ्यात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन इतके दाबले जातात की त्यांचे न्यूट्रॉन बनतात. अशा प्रकारे उरलेल्या गोळ्याला न्यूट्रॉन तारा म्हणतात. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे दीडपट असते, पण व्यास अवघा चोवीसेक किलोमीटर. पणजीहून मडगावला जायला रस्त्याने याहून जास्त अंतर कापावे लागते. त्या पदार्थाच्या एका घन सेंटिमीटरचे वजन सरासरी चाळीस कोटी टनांच्या घरात जाते. असा पदार्थ पृथ्वीवरच्या कोणत्याही प्रयोगशाळेत तयार करून हाताळता येत नाही, त्यामुळे तो दाबाखाली कसा वागतो हे जाणण्यासाठी आकाशातल्या घटनांवरच विसंबावे लागते.

काही न्यूट्रॉन तारे जोडीने असतात आणि एकमेकांभोवती फिरतात. अशी पहिली जोडी हल्स आणि टेलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७४ साली शोधली. तिची कक्षा वर्षागणिक किंचित आखडत असल्याचे पुढे आढळले आणि आखडण्याचा वेग आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून निघणाऱ्या वेगाशी जुळला. जोडीची ऊर्जा गुरुत्वीय लहरींच्या रूपाने बाहेर जात असल्याचा तो पहिला भक्कम, पण अप्रत्यक्ष पुरावा होता. या शोधाबद्दल दोघांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ती जोडी एकमेकांवर आदळायला अजून सुमारे तीस कोटी वर्षे आहेत, पण विश्वात अशा जोड्या पुष्कळ असल्याने कुठे ना कुठे टक्कर होतच असते.

गुरुत्वीय लहर मोजतात तरी कशी?

जड वस्तू वेगाने फिरू लागल्या की अवकाशाच्या मोजमापातच सूक्ष्म आंदोलने निर्माण होतात आणि ती प्रकाशाच्या वेगाने चहूकडे पसरतात. लहर जाताना एका दिशेतले अंतर किंचित ताणले जाते, तिच्याशी काटकोनातले अंतर त्याच क्षणी किंचित आकसते आणि पुढच्या क्षणी उलट घडते. अमेरिकेतील लायगो या प्रकल्पाच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन केंद्रांत चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात बांधल्या आहेत. त्यांच्या टोकांवरच्या आरशांवरून लेसरचा किरण परतवून दोन्ही भुजांच्या लांबीतला फरक सतत मोजला जातो. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून कमी असला, तरी तो ओळखता येतो.

येथे कोणीही विचारील, की मग रस्त्यावरून ट्रक गेला किंवा समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आपटल्या तरी यंत्र हलणार नाही काय? यंत्र हलतेच. म्हणूनच केंद्रे एकमेकांपासून तीन हजार किलोमीटर दूर ठेवली आहेत, कारण स्थानिक हादरा एकाच केंद्राला जाणवतो, तर खरी लहर काही सहस्रांश सेकंदांच्या फरकाने दोन्हींकडे पोहोचते. दुसरी कसोटी लहरीच्या आकाराची असते. दोन तारे जवळ येताना लहर कशी दिसायला हवी हे आधीच गणिताने काढलेले असते आणि गोंगाटाने भरलेल्या नोंदीत तो नेमका आकार शोधला जातो. या शोधपद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांचे १९९० च्या दशकातले काम महत्त्वाचे मानले जाते. भारतात तेव्हा असे यंत्र नव्हते आणि परदेशातही ते होईल याची खात्री फार थोड्यांना होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाचे मोल अधिक जाणवते.

पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी पकडली गेली. ती दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आली होती. कृष्णविवरातून प्रकाश बाहेर पडत नसल्याने त्या घटनेत दुर्बिणींना हाती लागण्यासारखे काही नव्हते.

लहर आणि प्रकाश, दोन्ही कशासाठी?

काळोख्या रात्री मिरामारच्या किनाऱ्यावर उभे राहिले असता मांडवीच्या मुखाबाहेरून एखाद्या बोटीचा भोंगा ऐकू येतो. भोंग्याच्या सुरावरून बोट लहान की मोठी याचा अंदाज येतो आणि त्या आकाराच्या बोटीचा भोंगा मुळात किती जोरात वाजतो हे ठाऊक असेल, तर ऐकू आलेल्या आवाजाच्या क्षीणतेवरून तिचे अंतरही काढता येते. पण ती नक्की कोणत्या जागी आहे आणि तिच्यावर काय लादले आहे, हे भोंगा सांगू शकत नाही. त्यासाठी तिचा दिवा दिसावा लागतो. दिवा मात्र स्वतःच्या अंतराबद्दल फारसे बोलत नाही, कारण जवळचा मंद दिवा आणि दूरचा प्रखर दिवा डोळ्यांना सारखेच भासतात.

गुरुत्वीय लहरी भोंग्याचे काम करतात. त्यांची वारंवारता, म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या आंदोलनांची संख्या, ज्या गतीने वाढत जाते तिच्यावरून ताऱ्यांची वस्तुमाने कळतात. वस्तुमाने कळली, की लहर मुळात किती तीव्र असली पाहिजे हे सिद्धांतावरून निघते आणि पृथ्वीवर मोजलेल्या तीव्रतेशी तुलना केली की अंतर हाती येते. प्रकाश दिशा, घर आणि घटकद्रव्ये सांगतो. हे साम्य एका ठिकाणी तुटते: गुरुत्वीय लहर हा आवाज नाही, ती निर्वात अवकाशातून जाते आणि प्रकाशाच्याच वेगाने जाते.

१७ ऑगस्ट २०१७

त्या दिवशी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर पृथ्वीवरून गेली. गोव्यात श्रावण चालू होता आणि चवथ आठवड्यावर आली होती. आकाशातला तो बिंदू त्या क्षणी आपल्या नैऋत्येला, क्षितिजापासून चाळीसेक अंश वर होता. ती लहर आपणा सर्वांच्या शरीरांतून गेली आणि कोणालाही काही जाणवले नाही, जाणवणे शक्यही नव्हते.

लायगोच्या नोंदीत ही लहर सुमारे शंभर सेकंद टिकली. पूर्वीच्या कृष्णविवरांच्या नोंदी बहुधा सेकंदापेक्षाही कमी काळाच्या होत्या. सुरुवातीला सेकंदाला चोवीसच्या आसपास आंदोलने, मग हळूहळू वाढ आणि शेवटच्या काही सेकंदांत झपाट्याने शेकड्यांवर झेप, अशी तीनेक हजार आंदोलने त्यात होती. त्यांवरून दोन्ही ताऱ्यांचे मिळून वस्तुमान सूर्याच्या सुमारे २.७ पट निघाले. मीलनानंतर १.७ सेकंदांनी नासाच्या फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा, म्हणजे प्रकाशाच्याच सर्वाधिक ऊर्जेच्या प्रकाराचा, दोनेक सेकंदांचा झोत नोंदवला.

पुढची कामगिरी अडचणीची होती. लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत मीलनाच्या जेमतेम सेकंदभर आधी यंत्रातला एक खरखरीत गोंगाट मिसळला होता, तो काळजीपूर्वक वेगळा काढावा लागला. इटलीत पिसाजवळ असलेले व्हर्गो हे तिसरे यंत्र त्याच महिन्याच्या १ तारखेला निरीक्षणात सामील झाले होते, पण त्याच्या नोंदीत लहर जवळपास दिसतच नव्हती. नेमकी हीच गोष्ट उपयोगी पडली. प्रत्येक यंत्राला आकाशाच्या काही दिशांकडून येणाऱ्या लहरी फार क्षीण जाणवतात. व्हर्गोला लहर जाणवली नाही, म्हणजे ती अशाच एखाद्या दिशेने आली असली पाहिजे. या तर्कामुळे शोधाचे क्षेत्र सुमारे २८ चौरस अंशांपर्यंत, म्हणजे शंभराहून अधिक पूर्णचंद्रांएवढ्या जागेपर्यंत आक्रसले. न दिसण्यातूनही पुरावा कसा निघतो याचे इतके स्वच्छ उदाहरण विज्ञानात क्वचित सापडते.

नकाशा तयार व्हायला पाच तास गेले आणि चिलीतील मोठ्या दुर्बिणींना सूर्यास्ताची वाट पाहावी लागली. तो भाग मावळत्या सूर्यापासून फार दूर नव्हता, त्यामुळे अंधार पडल्यावर थोडाच वेळ हाती होता. लास कॅम्पानास येथील एक मीटर व्यासाची स्वोप दुर्बीण वापरणाऱ्या चमूने सांगितलेल्या अंतरावरच्या दीर्घिकांची यादी करून एकेकीचे छायाचित्र घ्यायला सुरुवात केली. मीलनानंतर सुमारे अकरा तासांनी वासुकी तारकासमूहातील एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत, जुन्या छायाचित्रांत नसलेला एक ठिपका त्यांना सापडला. तासाभरात इतर चमूंनीही तोच ठिपका स्वतंत्रपणे टिपला. ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे आणि लहरींवरून काढलेले अंतरही तेवढेच येत होते.

मग सोने दिसले का?

सोने थेट दिसले नाही. जे दिसले ते असे: पहिल्या दिवशी ठिपका निळसर होता, दोन-तीन दिवसांत निळा प्रकाश विझला आणि तांबूस व अवरक्त प्रकाश आठवडाभराहून अधिक काळ रेंगाळला. टकरीत सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे पाच टक्के, म्हणजे हजारो पृथ्वींच्या वजनाइतके द्रव्य प्रकाशवेगाच्या दहा ते तीस टक्के वेगाने बाहेर फेकले गेले, असा त्यावरून निष्कर्ष निघतो. या द्रव्यात न्यूट्रॉनांची इतकी रेलचेल असते की अणुकेंद्रे ती एकामागून एक पटापट गिळतात, अस्थिर होतात आणि किरणोत्सर्गाने स्थिर होत जड मूलद्रव्यांत रूपांतरित होतात. या किरणोत्सर्गाच्या उष्णतेने उजळणाऱ्या ढगाला किलोनोव्हा म्हणतात. लँथनमच्या गटातील मूलद्रव्ये निळा प्रकाश अडवतात, म्हणून ढग तांबडा होत जाणे ही जड मूलद्रव्ये तयार झाल्याची खूण ठरते.

एकेका मूलद्रव्याची ओळख पटवणे अवघड असते, कारण ढग प्रचंड वेगाने पसरत असल्याने वर्णपटातल्या रेषा रुंद होऊन एकमेकींत मिसळतात. २०१९ साली याच घटनेच्या वर्णपटात स्ट्रॉन्शियम ओळखता आले. ७ मार्च २०२३ च्या दुसऱ्या एका स्फोटानंतर जेम्स वेब दुर्बिणीला टेल्युरियमची खूण मिळाली, पण त्या वेळी लहरींची यंत्रे बंद होती. सोन्याबद्दलचे विधान या साखळीतून निघालेले अनुमान आहे: स्ट्रॉन्शियम आणि लँथनमचा गट बनवणारी प्रक्रिया चालली असेल, तर सिद्धांताप्रमाणे सोने, प्लॅटिनम आणि युरेनियमही बनले असले पाहिजे. हे अनुमान भक्कम आहे. मात्र ‘गळ्यातल्या मंगळसूत्राचे सारे सोने अशाच टकरीतून आले’ असे म्हणता येत नाही. अत्यंत प्रबळ चुंबकक्षेत्र असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या उद्रेकांचाही थोडा वाटा असावा, असे डिसेंबर २००४ मधील एका उद्रेकाच्या जुन्या नोंदी नव्याने तपासल्यावर २०२५ साली मांडले गेले. मोठ्या ताऱ्यांच्या अखेरीस होणाऱ्या महास्फोटांपैकी (सुपरनोव्हांपैकी) काही विरळ प्रकारांचा वाटा किती, यावरही वाद चालू आहे.

प्रकाश १.७ सेकंद उशिरा आला, म्हणजे लहर अधिक वेगवान आहे का?

हा आक्षेप रास्त आहे. उत्तर असे की गॅमा किरण टकरीच्या क्षणीच सुटत नाहीत. टक्कर झाल्यावर मध्यभागी एक अरुंद झोत तयार व्हावा लागतो आणि त्याला भोवतालच्या द्रव्यातून वाट काढावी लागते, त्यात सेकंद-दोन सेकंद जाणे अपेक्षितच होते. हा उशीर संपूर्णपणे वेगातल्या फरकामुळे झाला असे मानले, तरी १३ कोटी वर्षांच्या प्रवासात १.७ सेकंदांचा फरक म्हणजे दोन्ही वेग एकाला पंधरा शून्ये दिल्यावर येणाऱ्या संख्येत काही भागांपर्यंत समान आहेत. विश्वाच्या वाढत्या प्रसरणवेगाचे स्पष्टीकरण देण्यासाठी गुरुत्वाचे जे पर्यायी सिद्धांत मांडले गेले होते, त्यांतले अनेक या एका मोजमापाने बाद झाले.

तो झोत खरोखर होता, हे ठरायला पुढे कित्येक महिने लागले. नवव्या दिवशी क्ष-किरण आणि सोळाव्या दिवशी रेडिओ लहरी सापडल्या. त्यांची तीव्रता पाचेक महिने वाढत जाऊन मग घसरली. या टप्प्यात नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या भारतीय रेडिओ दुर्बिणीने महत्त्वाची निरीक्षणे दिली. अखेर खंडोखंडी पसरलेल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून पाहिले असता उगमबिंदू सरकल्याचे दिसले, आणि झोताचे तोंड आपल्या दिशेपासून वीसेक अंश बाजूला होते हे स्पष्ट झाले. इतक्या जवळच्या घटनेतला गॅमा झोत इतका क्षीण का, याचा उलगडाही त्यातूनच झाला.

विश्व किती वेगाने पसरते, हे यातून कसे कळते?

दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत आणि जितके अंतर अधिक तितका त्यांचा वेग अधिक. या प्रमाणाला हबल स्थिरांक म्हणतात. विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रकाशावरून काढला तर तो सुमारे ६७ येतो आणि जवळच्या ताऱ्यांच्या व स्फोटांच्या पायऱ्या चढत काढला तर सुमारे ७३. एकक दोन्हींचे एकच, पण उत्तरे जुळत नाहीत आणि हा आजच्या विश्वशास्त्रातला मोठा पेच आहे.

येथे भोंगा आणि दिवा एकत्र कामी येतात. लहर अंतर सांगते, दीर्घिकेचा वर्णपट तिचा दूर जाण्याचा वेग सांगतो आणि दोहोंच्या भागाकारातून स्थिरांक निघतो. मधल्या कोणत्याही पायऱ्या लागत नाहीत. २०१७ च्या घटनेवरून सुमारे ७० हे उत्तर मिळाले, पण त्याची अनिश्चितता इतकी मोठी आहे की त्यात ६७ ही बसते आणि ७३ ही. कारण असे की, फिरणाऱ्या जोडीची कक्षा समोरून दिसते की कडेने, यावर लहरीची तीव्रता अवलंबून असते, त्यामुळे जवळची कललेली जोडी आणि दूरची समोरासमोरची जोडी यांत घोटाळा होतो. झोताचा कोन रेडिओ दुर्बिणींनी मोजल्यावर हा घोटाळा कमी झाला, तरी पेच सोडवायला अशा काही डझन घटना लागतील.

ताऱ्यांच्या अंतरंगाबद्दलही लहरींनी माहिती दिली. अखेरच्या क्षणी दोन्ही तारे एकमेकांच्या ओढीने लंबगोल होतात आणि ते जितके सहज दबतात तितका लहरीचा शेवट बदलतो. त्यावरून अशा ताऱ्याची त्रिज्या १२ किलोमीटरच्या आसपास असल्याचे ठरले, आणि आरंभी दिलेला व्यासाचा आकडा त्याच मोजमापाशी जुळणारा आहे.

दुसऱ्यांदा असे का घडले नाही?

२५ एप्रिल २०१९ रोजी न्यूट्रॉन ताऱ्यांची मानली जाणारी आणखी एक टक्कर नोंदली गेली. एकूण वस्तुमान सूर्याच्या ३.४ पट, अंतर सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षे. पण हॅनफर्डचे यंत्र त्या वेळी चालू नव्हते, त्यामुळे शोधाचे क्षेत्र ८,००० चौरस अंशांहून मोठे, म्हणजे संपूर्ण आकाशाच्या जवळपास पाचव्या हिश्श्याएवढे राहिले आणि प्रकाशाचा कोणताही खात्रीचा मागमूस लागला नाही. यंत्रे तेव्हापासून अधिक संवेदनशील झाली आहेत आणि कृष्णविवरांची मीलने आता शेकड्यांनी नोंदली जातात, तरी लहर आणि प्रकाश दोन्ही निर्विवादपणे मिळालेली न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर अजून एकच आहे. अशा टकरी पूर्वी वाटल्या होत्या त्याहून विरळ असाव्यात, असे यावरून दिसते.

या अडचणीवरचा एक उपाय महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात आकार घेत आहे. लायगो-इंडिया या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. एवढा पैसा कशासाठी, असे विचारणाऱ्यांना २०१९ ची घटनाच दाखवावी. अमेरिकेतील दोन, युरोपातील एक आणि जपानमधील एक या यंत्रांपासून भारत दूर आणि वेगळ्या कोनात आहे. त्यामुळे येथल्या नोंदीने दिशा अधिक काटेकोर ठरेल आणि एखादे यंत्र दुरुस्तीसाठी बंद असले तरी उरलेल्यांवर काम भागेल. प्रकाश सापडण्याची खरी संधी पहिल्या काही तासांतच असते, म्हणून क्षेत्र लहान होणे हाच सर्वांत मोठा लाभ आहे.

पुढची बातमी वाचताना काय तपासावे?

१८ ऑगस्ट २०२५ रोजी एक लहर नोंदली गेली. तिच्यावरून निदान एका गोळ्याचे वस्तुमान सूर्याहूनही कमी असावे असे वाटत होते, आणि सर्वसाधारण न्यूट्रॉन तारे इतके हलके नसतात. त्याच भागात एक नवा ठिपका सापडला. तो पहिले काही दिवस किलोनोव्हासारखा तांबडा होत विझत गेला आणि मग पुन्हा उजळून नेहमीच्या महास्फोटासारखा वागू लागला. एका मोठ्या ताऱ्याच्या महास्फोटातच दोन चिमुकले न्यूट्रॉन तारे जन्मून आदळले असावेत, अशी शक्यता काही संशोधकांनी मांडली. इतरांच्या मते लहरीचा संकेत क्षीण होता आणि दिसलेला महास्फोट तिच्याशी संबंध नसलेला, योगायोगाने त्याच भागात झालेला असू शकतो. अशी बातमी पुन्हा आली, की संकेत किती यंत्रांनी पकडला, आकाशातले क्षेत्र किती मोठे होते आणि ठिपक्याच्या दीर्घिकेचे अंतर लहरीवरून काढलेल्या अंतराशी जुळते का, एवढे बातमीत दिले आहे का ते पाहावे. २०१७ च्या घटनेत या तिन्ही गोष्टी जुळल्या होत्या. २०२५ च्या घटनेत लहरीच्या खरेपणाचीच खात्री नाही, त्यामुळे ती सध्या संभाव्य घटनांच्या यादीतच आहे.